साथीत ‘थांबा’ कुणाला सांगायचं?

बार्शीत स्वतःचा डोळ्यांचा दवाखाना काढायच्या तयारीत असलेल्या एका तरुण डॉक्टर मॅडमनी विचारलंय. कोरोनात त्या निवासी डॉक्टर होत्या. पीपीई घालून वॉर्डातल्या ड्यूट्या भरपूर केल्या, पण डोळ्यांची ओपीडी बंदच असल्यामुळे साथीत ती चालवतात कशी हे पाहायला मिळालं नाही. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: उद्या पुन्हा अशी साथ आली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं, यंत्रांचं काय, फोनवर कितपत भरवसा ठेवायचा, आणि त्या काळातलं तुम्ही आज काय टिकवून ठेवलंय?

मॅडम, उत्तर लांब होणार आहे. सोलापुरात पंचवीसेक वर्षं डोळे तपासतोय. तो काळ आठवायला बसलो की आधी यंत्रं आठवत नाहीत, एक बाई आठवतात. त्यांच्यापर्यंत येतोच. आधी यंत्रांचं उरकतो, कारण घाबरलेला डॉक्टर नीट विचार करत नाही आणि भीती तिथूनच सुरू होते.

आपली शाखा ‘साधी’ असं सर्जरीवाले मित्र म्हणतात. पण स्लिट लॅम्पवर, म्हणजे हनुवटी टेकवून डोळा पाहायच्या सूक्ष्मदर्शकावर, पेशंटचं नाक आपल्या नाकापासून वीतभर, फार तर दीड वीत लांब असतं. हे जगाला पहिल्यांदा नीट कळलं ते वुहानच्या ली वेनलियांगमुळे. ते नेत्रतज्ज्ञ होते. ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी सहकारी डॉक्टरांना नव्या आजाराबद्दल सावध केलं आणि पुढे ७ फेब्रुवारी २०२० ला त्याच आजाराने गेले. काचबिंदूच्या, वरवर ठणठणीत दिसणाऱ्या एका पेशंटकडून त्यांना लागण झाली असं सांगितलं गेलं. ती बातमी वाचली तेव्हा आपल्या द्वारकानाथ कोटणीसांची आठवण आली. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात हा सोलापूरचा माणूस होता, आणि ते पथक सुरुवातीला हँकौला, म्हणजे आजच्या वुहानातच, गेलं होतं. असो. तर वरवर ठणठणीत दिसणारा पेशंट, हाच आपल्या ओपीडीतला खरा धोका. ताप आलेला माणूस फिजिशियनकडे जातो. आपल्याकडे येतो तो चष्म्याचा नंबर काढायला.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत आमची चूक काय झाली ते सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरला साथ नवी नाही. डोळे येण्याच्या साथी आम्ही दर दोन-चार वर्षांनी पाहतो. तो अडिनोव्हायरस हात, टॉवेल, दाराची कडी, डोळ्याचा दाब मोजायच्या टोनोमीटरचं टोक यांवरून पसरतो आणि कोरड्या वस्तूवर कित्येक दिवस टिकतो. त्यामुळे आमचा हात आपोआप फडक्याकडे गेला. खुर्ची पुसा, पेन पुसा, नोटा बाजूला ठेवा, फायलींवर स्प्रे मारा. दवाखान्याला हायपोक्लोराइटचा, म्हणजे ब्लीचचा, असा वास यायचा की पेशंटचे डोळे तपासायच्या आधीच लाल व्हायचे. आणि इतकं सगळं पुसून आम्ही बसायचो कुठे, तर दारं-खिडक्या लावलेल्या अंधाऱ्या तपासणीच्या खोलीत, एसी लावून. हा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतोय हे सगळ्यांना पटायला वेळ लागला, मलाही लागला. नंतर मी अंधाऱ्या खोलीचा काळा पडदा काढला, वरची झडप उघडली, भिंतीत ओढून बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि दोन पेशंटांमध्ये दहा मिनिटं दार सताड उघडं ठेवायला लागलो. सोलापूरच्या मे महिन्यात एसी बंद करून बसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, बार्शी काही महाबळेश्वर नाही. पण करायचं तेच होतं.

स्लिट लॅम्पची ढाल. विकतच्या ॲक्रिलिकच्या ढाली मार्चमध्ये मिळतच नव्हत्या, कुरिअर बंद. आमच्या कंपाउंडरने कपाटातून जुन्या एक्स-रेच्या फिल्मी काढल्या. हायपोक्लोराइटच्या पाण्यात भिजवून वरचा काळा थर घासून काढला की खाली लख्ख पारदर्शक शीट उरते. दोन्ही आयपीसची मापं घेऊन ब्लेडने भोकं पाडली आणि ती शीट मायक्रोस्कोपच्या मानेत अडकवली. पहिली शीट फार लहान कापली होती. पेशंट बोलला की श्वास खालून वळसा घालून थेट माझ्या हनुवटीवर. दुसरी मोठी कापली, तर माझा हात पेशंटच्या पापणीपर्यंत पोचेना. तिसरी जमली. पुढे ॲक्रिलिकची आली, पण ती फिल्मची ढाल अजून जपून ठेवलीय. ढालीपेक्षाही उपयोगी पडली ती एक सूचना: हनुवटी टेकवली की बोलायचं नाही. हे सांगणं सोपं, पाळणं महाकठीण. आपला पेशंट हनुवटी टेकवतो आणि त्याच क्षणी त्याला सगळं आठवतं. “दिसंनाच झालंय ओ डॉक्टर, आन् त्या धाकट्याचं बी नंबर वाढलंय.” म्हणून सगळी विचारपूस आधीच, खिडकीपाशी, दोन हात लांब बसून करायची आणि स्लिट लॅम्पवर फक्त पाहायचं. शेजारच्या भिंतीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत ‘आधी बोला, मग टेका’ लिहून लावलं होतं. तेलुगूतलं शुद्धलेखन चुकलं होतं, ते अशोक चौकातल्या एका पेशंटने स्वतःच पेनाने सुधारलं.

दाब मोजायचं हवेच्या झोताचं यंत्र आम्ही पहिल्याच दिवशी झाकून ठेवलं. तो झोत अश्रूंचे बारीक तुषार उडवतो. मग राहिलं गोल्डमन, म्हणजे बुबुळाला टोक टेकवून दाब मोजायचं यंत्र. त्याचं टोक अर्ध्या टक्क्याच्या हायपोक्लोराइटमध्ये पाच मिनिटं बुडवायचं, मग निर्जंतुक पाण्याने नीट धुवायचं आणि कोरडं करायचं. ‘नीट धुवायचं’ यावर मुद्दाम जोर देतोय. घाईत टोकावर ब्लीच किंवा स्पिरिट राहिलं तर बुबुळावर गोल भाजल्याचा डाग उमटतो. साथीच्या धास्तीत पेशंटचं बुबुळ भाजणं ही आपली बदनामीच. एकाऐवजी चार टोकं घ्या, आलटून पालटून वापरा. डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे गालाला गाल लावून पाहणं, ते सरळ बंद. हातभर अंतरावरून इनडायरेक्ट आणि वीस डायॉप्टरचं भिंग, त्यातच डोळ्याचा आतला पडदा पाहायचा. खरं सांगायचं तर ते तसंही जास्त चांगलं दिसतं.

आता त्या बाई.

कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, साठीच्या पुढच्या. उजव्या डोळ्यात लहानपणीच्या जखमेचं मोठं पांढरं फूल पडलेलं, तो डोळा गेल्यातच जमा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. विडीला दोरा बांधताना गाठ चुकते, कारखान्यात माल परत येतो, ही त्यांची तक्रार होती. “दिसत नाही” असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. ऑपरेशनची तारीख मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यातली. २५ मार्चपासून लॉकडाऊन. सगळीकडून एकच सूचना होती: तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. रिसेप्शनवरच्या मुलीने यादी घेतली आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांना फोन केला, “नंतर कळवू.” यादीत नाव, वय, कुठला डोळा आणि फोन नंबर एवढंच होतं. दुसरा डोळा कसा आहे, हा रकानाच नव्हता.

जूनमध्ये त्या आल्या तेव्हा मोतीबिंदू फुगला होता. फुगलेल्या भिंगाने बाहुलीतून पाणी पुढे यायची वाट अडवली, दाब चढला. तीन दिवस डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या. घरच्यांना वाटलं पित्त झालंय, उन्हाचा त्रास आहे. रिक्षा मिळत नव्हती आणि दवाखान्यात गेलं की ‘तिकडंच उचलून नेतात’ ही भीती. दाब उतरवून ऑपरेशन केलं, भिंग व्यवस्थित बसलं. पण डोळ्यामागचा मज्जातंतू सुकला होता. हातभर अंतरावरची बोटं मोजता येतात, एवढीच नजर राहिली. विडी सुटली. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सुनेने एकदा विचारलं, “फोन केलता तवा इचारलं आस्तं तर?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून तुमच्या ‘पहिल्या आठवड्यात काय’ याचं माझं उत्तर सॅनिटायझर हे नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्या फायली घेऊन स्वतः बसा. रिसेप्शनवर सोपवू नका. कुणाला थांबवायचं हा डॉक्टरचा निर्णय आहे, फोन कुणीही करू दे. प्रत्येक फाइलवर आधी दुसऱ्या डोळ्याची स्थिती लिहा. ज्यांचा कारभार एकाच डोळ्यावर चाललाय ते सगळे ‘तातडीचे’, पुस्तक काही म्हणो. मे २०२० मध्ये ऑल इंडिया ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी आणि इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने मिळून जी एकमताची नियमावली काढली, ती मी वाचली, मानली आणि तिचा खूप आधार वाटला. पण नियमावली आजारांची वर्गवारी करते. माणूस कुठल्या गावचा, एसटी चालू आहे का, घरात फोन कुणाकडे असतो, हे आपल्यालाच भरावं लागतं. तोच मोतीबिंदू सात रस्त्यावरच्या निवृत्त शिक्षकांना थांबवता येतो, इंडी तालुक्यातल्या शेतकऱ्याला येत नाही, कारण मध्ये कर्नाटकची हद्द आणि तपासणी नाका. तो एकदा परत गेला की कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून त्याचं काम आल्या दिवशीच उरकायचं.

मग उरलेल्यांना घड्याळाने वाटा. तासांत पाहायलाच हवेत असे: केमिकल किंवा चुना गेलेला डोळा, फुटलेला डोळा, उलट्यांसकट दुखणारा डोळा, एकाएकी गेलेली नजर, ऑपरेशननंतर दुखायला लागलेला डोळा. दिवसांत पाहायचे: बुबुळावरची जखम, पडदा सुटल्याची शंका, नवी तिरळी किंवा दुहेरी नजर. आठवड्यांत: डोळ्यात इंजेक्शनं चालू असलेले, दाब काबूत नसलेला काचबिंदू. बाकीचे महिन्यांत. चष्म्याचा नंबर हा शेवटी, पण तिथेही अपवाद असतो. एक ट्रक ड्रायव्हर जीवनावश्यक मालाची गाडी घेऊन रोज हैदराबाद रस्त्याला जायचा, चष्मा फुटला होता. त्याला ‘नंतर या’ म्हणणं म्हणजे समोरून येणाऱ्यालाही धोक्यात घालणं.

या यादीत आणखी एक रकाना असतो आणि त्याला स्वतः फोन करता येत नाही. अपुऱ्या दिवसांची बाळं. साथ आहे म्हणून कुणी वेळेवर जन्माला येत नाही. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ, त्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. अगदीच लवकर जन्मलेलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. ही खिडकी बंद झाली की आयुष्यभराचा अंधार. आम्ही बाळांना दवाखान्यात बोलावणं बंद केलं, मीच नवजात कक्षात जायला लागलो, सगळी बाळं एकाच फेरीत. ही सवय आता मोडणार नाही. ओल्या बाळंतिणीने रिक्षातून धक्के खात माझ्याकडे यायचं, हे आधी तरी का चालवून घेतलं कोण जाणे.

फोनवर कितपत भरवसा? केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० चीच, म्हणजे फोनवर सल्ला देणं त्याच सुमारास नियमांत बसलं. ती वाचून घ्या: ओळख, संमती, नोंद, कुठली औषधं फोनवर लिहायची आणि कुठली नाहीत. पण डोळ्याच्या बाबतीत फोन हा निदानाला नाही, ‘ये’ की ‘थांब’ एवढं ठरवायला आहे. आमची पद्धत अशी बसली: पेशंटला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवायचं. फोटो स्वतः काढायचा नाही, नातवाने मागच्या कॅमेऱ्याने काढायचा, फ्लॅश न लावता. एक समोर बघून, एक वर, एक खाली. मग भिंतीवरच्या कालनिर्णयपासून तीन पावलं लांब उभं करून एक डोळा तळहाताने झाकायचा आणि तारखेचे मोठे आकडे वाचायला लावायचे. मग दुसरा. अर्ध्याहून अधिक लोकांना एका डोळ्याने कमी दिसतं हे त्या क्षणी पहिल्यांदा कळायचं. लाल डोळ्याबरोबर दुखणं, नजर कमी होणं, उजेड सहन न होणं, मार लागणं, उलटी, आधीचं ऑपरेशन किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, यातलं एकही असलं तर फोन बंद आणि “निघा.”

याला पूरक म्हणून मेडिकलवाल्यांशी बोलून ठेवा. आपल्या जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं. लॉकडाऊन लागला तेव्हा मंगळवेढ्याकडची ज्वारीची काढणी उरकत होती, ऊसही तुटत होता. ताट लागणं, कुसळ जाणं, उसाचं पातं कापणं, हे दर वर्षीचं. यातून बुबुळावर बुरशीची जखम होते. एरवी माणूस चौथ्या दिवशी येतो. त्या वर्षी आधी गावातल्या मेडिकलमधून ‘डोळ्याचा ड्रॉप’ घ्यायचा, आणि त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असायचं. दोन दिवस बरं वाटतं, लाली जाते, आणि आत बुरशी मजेत वाढते. मोहोळ भागातला एक तरुण पंधराव्या दिवशी आला, बुबुळ मधोमध पांढरं, खाली पू साठलेला. खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची स्लाइड पाहिली तर बुरशीचे धागेच धागे. नॅटामायसिन, बुरशीवरचा ड्रॉप, दर तासाला, महिनाभर. डोळा वाचला, फूल राहिलं. बुबुळ बदलायचं म्हटलं तर त्या महिन्यांत नेत्रदानच जवळपास थांबलेलं. त्यानंतर मी तालुक्यांच्या ठिकाणच्या ओळखीच्या मेडिकलवाल्यांना एकेक करून फोन केले: शेतात काही लागून लाल झालेल्या डोळ्याला काही देऊ नका, मला फोटो पाठवा. बहुतेकांनी ऐकलं. फोटो आजही येतात, रात्री अकरालासुद्धा.

काचबिंदूवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांना काही दुखतच नाही, त्यामुळे बाटली संपली की ते निवांत असतात. त्यांना आपण फोन करायचा, त्यांच्या फोनची वाट पाहायची नाही. तीन महिन्यांची चिठ्ठी एकदम लिहायची. पण एक अडचण लक्षात आली ती उन्हाळ्यामुळे. लॅटॅनोप्रॉस्ट उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचं औषध. पारा बेचाळीसवर, माल दोन दिवस टेम्पोत, आणि पेशंटच्या घरी फ्रिज नाही. तिथे बाटली हवाबंद डबीत घालून माठाच्या पाण्यावर तरंगत ठेवा असं सांगायचो. काहींना सरळ बाहेर टिकणारा टिमोलॉल लिहून दिला, पण आधी ‘दमा आहे का, नाडी मंद आहे का’ विचारूनच. हे समोर बसलेल्या पेशंटला आपण सहज विचारतो, फोनवर हमखास विसरतो. म्हणून फोनशेजारी चिठ्ठी चिकटवा.

डोळ्यातल्या इंजेक्शनांबद्दल माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. मधुमेहाने पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेला पेशंट दर महिन्याला येईल याची खात्री नसेल तर लेझर पूर्ण करून टाका. इंजेक्शन छान, पण ते चुकलं की रोग दुप्पट जोराने उसळतो. लेझर एकदा केलं की पेशंट सहा महिने गायब झाला तरी काहीतरी हातात राहतं. साथ नसतानाही आपल्या भागात मी हेच करतो. इंजेक्शन देताना पेशंटच्या मास्कची वरची कड चिकटपट्टीने गालाला बंद करा, नाहीतर तोंडातली हवा वर डोळ्यावरच येते आणि तोंडातले जंतू आत जायची भीती.

ऑपरेशनचं फार खोलात जात नाही, तुम्ही शिकला आहात. भूल शक्यतो स्थानिकच. पोव्हिडोन आयोडीन पाच टक्के डोळ्यात, पूर्ण तीन मिनिटं, घड्याळ लावून. नासूरची, म्हणजे तुंबलेल्या अश्रुपिशवीची, शस्त्रक्रिया पुढे ढकलली, कारण ती नाकाच्या अस्तरातून जाते. मोतीबिंदूच्या आधी अश्रूनळीत पाणी सोडून पाहायची आपल्याकडची सवय, ती बंद केली. पाणी थेट घशात जातं, पेशंट तोंडावर खोकतो. त्याऐवजी डोळ्याच्या कोपऱ्यात पिशवीवर बोटाने दाब द्यायचा आणि पू किंवा पाणी उलटं येतंय का बघायचं. एवढं पुरतं. फेकोने, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडायच्या यंत्राने, तुषार उडतात का यावर खूप चर्चा झाली. नंतर भीती ओसरली, पण तोवर पिकून टणक झालेले इतके मोतीबिंदू आले होते की फेकोचा हट्ट सोडून मी छोट्या छेदाच्या, बिनटाक्याच्या पद्धतीकडे परतलो. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘वारी झाली की ऑपरेशन करू’ म्हणतात. २०२० च्या आषाढीला पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या. वारी झाली नाही, ऑपरेशनंही झाली नाहीत. ती सगळी एकदम पुढच्या दिवाळीनंतर आली. तुमचा हात या पद्धतीवर बसलेला नसेल तर आत्ताच बसवा.

आणि मग २०२१ चा मे. पहिल्या लाटेत आम्ही कोरोनाला डोळ्यापासून लांब ठेवत होतो, दुसऱ्या लाटेने तो डोळ्याच्या खोबणीतच आणून ठेवला. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. कोरोनातून उठलेला माणूस, साखर भडकलेली, स्टेरॉइड घेतलेलं. गालाला बधिरपणा, दात हलतात, नाकातून काळपट स्राव, पापणी सुजते, डोळा बाहेर येतो, हलेनासा होतो. बारा तासांत चित्र बदलायचं. त्या महिन्यात नेत्रतज्ज्ञ एकटा काही करूच शकत नव्हता. कान-नाक-घसा, दंतवैद्य, फिजिशियन, एमआरआयवाला, सगळे एकाच फोनच्या ग्रुपवर. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्हाभर वणवण फिरायचे. केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीच्या यादीत घ्यायला सांगितलं, त्यानंतर औषध वाटपाला थोडी शिस्त आली.

वॉर्डात माझ्याजवळ काय असायचं? टॉर्च, कापसाची वात आणि ग्लुकोमीटर. वात दोन्ही गालांवर फिरवून ‘सारखं लागतं का’ विचारायचं. ज्या बाजूला कमी लागतं तिथे बुरशी आधीच पोचलेली. या एका वातीने आम्हाला एमआरआयच्या आधी दिशा मिळाली, अनेकदा. काहींचा डोळा काढावा लागला, खोबणीसकट. ती संमती फोनवर घ्यावी लागायची, कारण मुलगा विलगीकरणात. “डोळा काढला नाही तर?” “जीव जाईल.” “काढला तर वाचतील?” यावर मी ‘हो’ म्हणू शकत नव्हतो आणि फोनच्या पलीकडे बराच वेळ फक्त श्वास ऐकू यायचा. त्या महिन्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. एवढंच करा: लाल डोळा, सुजलेली पापणी घेऊन कुणीही येवो, बोटाला सुई टोचून साखर बघा. माझ्या ओपीडीत ग्लुकोमीटर तेव्हापासून टेबलावरच असतो. चष्म्याचा नंबर दर महिन्याला बदलतोय म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचा मधुमेह आम्हीच पहिल्यांदा पकडला.

किरकोळ म्हणता म्हणता त्रास देऊन गेलेल्या दोन गोष्टी. दुकानांच्या दारात पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड आले, त्यांचं तोंड बरोबर चार-पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीला. आईने पाय दाबला, पिचकारी थेट पोराच्या डोळ्यात. स्पिरिटने बुबुळाची वरची साल जाते. आईला कडेवर पोर घेऊन माझ्याकडे धावत यायचं सुचायचं, तिथल्या तिथे पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं सुचायचं नाही. दुसरी गोष्ट शाळेची. मोबाइलवर शाळा भरली आणि पोरांचे नंबर वाढले. घरात एकच फोन, तीन पोरं, अंगठ्याएवढा फळा. आई-बापांना ‘स्क्रीन बंद करा’ सांगून उपयोग नव्हता, शाळाच त्यात होती. ‘सकाळी दोन तास गच्चीवर, अंगणात खेळू द्या’ हे मात्र ऐकायचे.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार आहात. एप्रिल-मे २०२० मध्ये जमा जवळपास शून्य, आणि फेकोच्या मशीनचा हप्ता चालू. मी स्टाफचे दोन गट केले, आठवड्याआड. एक गट आजारी पडला तर दुसरा उभा राहावा म्हणून. पगार कापला नाही, उशिरा दिला, आणि ते तोंडावर सांगितलं. पीपीईचा वेगळा आकार बिलात लावला होता, तो पंधरा दिवसांत काढून टाकला. तपासणी फीपेक्षा कपड्यांचे पैसे जास्त दिसायला लागले की पेशंट मागे फिरतो, आणि मागे फिरलेला पेशंट कुठे पोचतो ते वर लिहिलंय. पहिलं यंत्र घेताना सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवूनच घ्या.

आज काय टिकलंय? तापाची बंदूक, गाऊन, फायलींवरचा स्प्रे, सगळं गेलं. हवेच्या झोताचं यंत्र परत आलं. स्लिट लॅम्पची ढाल राहिली, वेळ ठरवून येणं अर्धवट राहिलं. बाजारच्या दिवशी ते कुणी पाळत नाही आणि मीही आता चिडत नाही. लाल डोळ्यांसाठी बाहेर ओट्यावर वेगळं बाकडं राहिलं. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ आली तेव्हा त्या बाकड्याने दवाखाना वाचवला: लाल डोळा आतच घ्यायचा नाही, ओट्यावरच टॉर्चने पाहायचा, दाब मोजायचा नाही, हात लावला तर साबणाने धुवायचा, कारण त्या विषाणूंना नुसतं सॅनिटायझर पुरतंच असं नाही. आणि ‘दुसरा डोळा’ हा रकाना राहिला. तो आता यादीत पहिला आहे, नावाच्याही आधी.

बार्शीत जागा बघताय म्हणालात. भाडं, पार्किंग, पाणी हे सगळे बघतातच. तुम्ही वेटिंगच्या खोलीत उभं राहून समोरासमोर दोन खिडक्या आहेत का बघा. मालक म्हणेल, मॅडम, ही बुजवून टाकतो, एसी छान बसेल. नको म्हणा.